देवराईतली माती

फडक्याची गाठ सोडून तुळसाने मूठभर माती प्रयोगशाळेच्या ओट्यावर ठेवली.

"बाय, एवढी बघून सांगा. तुमी म्हणालात ती हीच ना? का मी भलतीकडची लावली?"

उमाने तिला ओळखलं. लांज्याकडच्या या तुळसानेच गेल्या वर्षी तिला देवराईतली माती काढून दिली होती. जखमेवर ती माती लावायची, ही गावाची जुनी रीत. कॉलेजात तपासल्यावर त्या मातीतल्या एका जंतूभोवती दुसरे जंतू वाढेनात, तशी उमा अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली. पुन्हा गावात जाऊन देवळासमोर तासभर बोलली. तुमच्या मातीत औषध तयार होतं म्हणाली. गाव हरखून गेलं.

"कोणाला लावलीत?"

"माज्या पोराला, महिपतला. पायाला कोयता लागला. आठव्या दिवशी दातखीळ बसली. मंग गेलाच."

महिपत नऊ वर्षांचा होता. त्यानेच त्या दिवशी उमाची पिशवी उचलली होती.

"सासू म्हणते, आळस केलास, बांधावरचीच माती उचललीस. पण देवाशप्पत, मी राईतूनच आणली व्हती."

माती भलतीच होती, एवढं म्हटलं की उमा सुटत होती. कोण विचारणार होतं? पण ही बाई जन्मभर स्वतःला खात बसली असती.

"माती तीच होती, तुळसाबाई. चुकले मी."

तिने काचेची बशी पुढे केली. मधे पांढुरका ठिपका, भोवती स्वच्छ कडं. "या जंतूच्या अंगात एन्झाइमं असतात. भाताची उंच उडवी रचताना पेंढ्या कशा हातोहात वर जातात? तसं एक एन्झाइम तुकडा जोडतं, पुढच्याकडे देतं. शेवटी औषध तयार होतं. पण तेही जंतूला खायला कमी पडलं तरच. इथे मी त्याला दहा दहा दिवस सांभाळते, तेव्हा एवढंसं कडं दिसतं. मातीत तो आपल्यापुरतं करतो. जखमेला ते पुरत नाही. आणि धनुर्वाताचा जंतू, तोही मातीतच असतो. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं."

तुळसाने बशीतल्या त्या कड्यावरून बोट फिरवलं.

"मंग दवाखान्यात सुई टोचली असती तर?"

"बहुतेक वाचला असता."

ती ओरडेल, शिव्या घालेल, असं उमाला वाटलं. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं. तुळसा ओट्याला धरून खाली बसली.

"कोयता लागला त्याच दिशी धाकूभावजींनी दवाखान्यात न्यायला गाडी जोडली व्हती, बाय. मीच म्हटलं, बैल सोडा. येवढी शिकलेली बाय उन्हातान्हाची सांगायला आली, ती काय उगाच?"