मागे सरकणारी सीट

आप्पांचं एक वागणं आईला कधीच पटलं नाही. पलंगावर पडल्या पडल्या गाडी दुरुस्त करायची म्हणजे काय? पाय गेले, पण जीव अजून बॉनेटमध्येच अडकलेला. खिडकीला लागून पलंग, खिडकीखाली पोर्च, पोर्चमध्ये ती म्हातारी गाडी. आतून पेल्यावर चमचा वाजला की सुनेनं हातातलं काम टाकून पाना उचलायचा.

"प्लग काढ. काळे पडले असतील, घासून लाव."

प्लग काळेच निघत.

"काय कान आहेत तुमचे, आप्पा," सून म्हणायची.

"आता कानच उरलेत, बाळ."

"आणि पोट," असं म्हणत आई ताट घेऊन यायची.

शिडीवरून पडले तेव्हापासून ते असेच होते. पायांत जीव आला तर येईल, नाही तर नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सुरुवातीला दोघी त्यांना तपासणीला नेत. पुढे तेच नको म्हणाले. "तुम्ही मला पोत्यासारखं उचलायचं आणि त्यानं हातोडीनं गुडघे ठोकायचे. पुरे झालं."

तेव्हापासून त्यांना घरात कुणी उलट बोललं नव्हतं. ज्या माणसाला आईनं उभ्या संसारात एक वाक्य पुरं करू दिलं नाही, त्याचे पाय ती आता रोज तेल लावून चोळत होती. कधी दुकानातला राग हातात उतरायचा आणि ती चांगलं रगडून काढायची. आप्पा हूं की चूं करत नसत.

मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी. आई सकाळी तिच्या बटणं-अस्तराच्या दुकानात जायची, सून शाळेच्या ऑफिसात. दोघींनाही पायी पुरेल एवढंच अंतर. गाडी निघायची ती रविवारी, आठवड्याच्या सामानापुरती.

मग पेट्रोल जातं कुठे?

"टाकी झिरपत असेल," आप्पांनी निदान केलं. "रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेव."

सून गाडीखाली सरपटली. सकाळी कागद कोरडा ठणठणीत.

"मग काटा खोटं बोलतोय."

"काटा, का माणूस?" आई म्हणाली.

सीटचीही तीच रड. सून बुटकी. सीट पार पुढे ओढल्याशिवाय तिचे पाय पोचत नसत. पण रविवारी बसायला जावं तर सीट मागे गेलेली. "खटका झिजलाय," आप्पा म्हणाले. तिनं खटका उघडून साफ केला, ग्रीस भरलं, वर तारेचा वेढा दिला. पुढच्या रविवारी तार सुटलेली आणि सीट मागे.

आईची शाळा चौथीतच सुटली होती. खटक्यातलं तिला कळत नव्हतं, पण माणसांतलं कळत होतं. दोन दिवस तिनं ते मनात घोळवलं. तिसऱ्या दिवशी तिनं दुकानातून आल्या आल्या, चप्पलही न काढता, सुनेला समोर उभं केलं.

"खटका नाही आणि फटका नाही. त्या सीटवर कुणीतरी उंच माणूस बसतो. कोण, ते तूच सांग."

सुनेचा चेहरा पांढरा पडला. "आई, हे काय बोलताय? किल्ली तर आप्पांच्या उशाशी खिळ्यावर असते. त्यांनाच विचारा."

आईनं विचारलं. आप्पा छताकडे बघत राहिले.

"मला सकाळची औषधं घेतली की झोप लागते," ते म्हणाले. "मी काय सांगू?"

"झालं," आई म्हणाली. "बॅग भर. तुझ्या आईच्या ताब्यात मीच तुला देऊन येते. बोटीवर काय कळवायचं ते मग बघू."

सून रडली नाही. तिनं बॅग भरली, मागच्या सीटवर टाकली आणि पुढची सीट ओढून स्टिअरिंगमागे बसली. आई शेजारी बसली, तोंड दुसरीकडे करून. फाटकाबाहेर पडलं की थेट उतार, खाली चौकापर्यंत. दोनदा खोकून इंजिन सुरू झालं. सुनेनं हँडब्रेकला हात घातला.

आत चमचा वाजला. दोघींनी लक्ष दिलं नाही. मग पेलाच भिंतीवर आदळला.

"बाहेर काढू नका गाडी!" आप्पांचा आवाज चिरकला होता. "ब्रेकचं पेडल मऊ झालंय, पार खाली जातंय. ब्रेक ऑइल बघा आधी!"

सुनेनं इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं. ऑइलची डबी रविवारी तिनं स्वतः काठोकाठ भरली होती. आता ती तळाला गेलेली. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूनं ओला ओघळ आलेला.

"उतारावरून सरळ चौकात गेलो असतो, आई," ती म्हणाली. "रविवारी तर पेडल दगडासारखं घट्ट होतं. आप्पांच्या कानांनी वाचवलं आपल्याला."

आई गाडीला वळसा घालून गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसली. चप्पल काढली. कुठलं पेडल, ते सुनेला विचारून घेतलं आणि अनवाणी पायानं दाबलं. भिजवलेल्या पिठात बोट रुतावं तसं ते खाली गेलं. तिनं पुन्हा दाबलं, या वेळी कान देऊन. कर्र नाही, कुर्र नाही. पोर्चमध्ये सुनेच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

ती आत गेली. आप्पा छातीपर्यंत पांघरूण ओढून पडले होते. आईनं उशाशी असलेली तेलाची बाटली उचलली, झाकण घट्ट लावलं आणि कपाटात ठेवून दिली.

"अहो, पेडल मऊ झालेलं कानाला कळत नाही, पायाला कळतं," ती म्हणाली. "उठा. सुनेची बॅग गाडीत आहे, ती आत आणून ठेवा."