संत आन्नाची निळी शाल

डॉन रोक्को यांच्या पत्राला एलिजिओने चार महिने उत्तर दिलं नव्हतं. रोज ते खिशातून काढायचा, वाचायचा आणि पुन्हा घडी घालायचा.

‘मास्तर,’ डोंगरातल्या एका गावचे पाद्री डॉन रोक्को यांनी लिहिलं होतं, ‘कोणी म्हणतं, तुमच्याकडे साफ करायला दिलेल्या आमच्या संत आन्नाच्या चित्राखाली दुसरीच बाई आहे, जुन्या देवांच्या काळातली. तसं असेल तर बिशप तिला चर्चमध्ये परत लावू देणार नाहीत. लेकरू नसलेल्या बाया तिच्यापुढेच मेणबत्ती लावतात. त्यांतली सेराफिना रोज विचारते, आपली आन्ना आई घरी कधी येणार? खरं काय ते कळवा.’

खरं काय ते एलिजिओला केव्हाच कळलं होतं. साफसफाईत कापसाच्या ओल्या बोळ्याने आन्नाच्या निळ्या शालीचा कोपरा उतरला आणि खालून उघडा गुडघा वर आला. शाल सरकत गेली. जुन्या ग्रीक कथेतली, बुरुजात कोंडलेली दानाए आडवी पडली होती, आणि सोन्याचा पाऊस होऊन देव तिच्या कुशीत उतरत होता. तिला त्यातून मूल होणार होतं.

एलिजिओने टोपी काढली. जन्मभर दुसऱ्यांची चित्रं साफ केली. आपल्या हाताखाली असं काही उजाडेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तेव्हापासून खोलीला आतून कडी असायची.

“मास्तर, आत लग्न लावताय का?” चौकटी बनवणारी एर्सिलिया दाराबाहेरून ओरडली. “किती राहिलं?”

तो बाहेर आला. “चेहरा तेवढा.”

“महिनाभर तेच! कापूससुद्धा मागत नाही. आणि बाहीला हे निळं काय?”

“आन्नाची शाल.”

“एकदा ती दानाए जगाला दिसू दे, रोमहून माणसं येतील. पुस्तकांत नाव येईल तुमचं.”

“माझ्याच्याने निभेल असं वाटत नाही गं.”

“हात कापत नाही ना अजून? मग झालं.”

“आणि त्या बाया?”

“बिचाऱ्या. कागदाची आन्ना लावतील.”

एलिजिओ खोलीत परतला. कोणी न सांगता त्या बाया पिढ्यान्‌पिढ्या नेमक्या त्या पावसाखाली गुडघे टेकत होत्या. त्याच्या अंगावर काटा आला.

शनिवारी चेहरा पुरा झाला. त्याने निळ्या रंगाचा कुंचला पुसून ठेवला. मग त्याने लिहिलं: ‘डॉन रोक्को, उशिराबद्दल क्षमा. तुमच्या आन्नाखाली कोणी नाही. सणाआधी तिला घेऊन येतो. सेराफिनाला सांगा.’

पत्र टपालपेटीत टाकताना पाकिटावर त्याच्या अंगठ्याचा निळा ठसा उमटला. रंग अजून ओला होता.