हात टेकायचा तास

“बोटांवर भार नाही द्यायचा. खुर्चीच्या हातांवर तळवे टेकायचे, पुढे झुकायचं आणि उठायचं,” व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या.

दवाखान्याच्या वरच्या खोलीत सांधे धरलेली आठ माणसं कण्हत, कुरकुरत उठली. शिंपीणबाई बसूनच राहिल्या.

“काय झालं?”

“नवरा गेला तेव्हा हात टेकले नाहीत. समोर रेडिमेडचं दुकान आलं तेव्हा टेकले नाहीत. आता तुमच्या खुर्चीवर टेकू?”

सगळे हसले. दाराशी उभा असलेला त्यांचा मुलगा तेवढा हसला नाही.

घरी जी वस्तू हार खायला लावते ती घेऊन या, असं ताईंनी मागच्या वेळी बजावलं होतं. त्यामुळे मधल्या टेबलावर घट्ट झाकणाची बरणी होती, निवृत्त कंडक्टरचं गंजकं कुलूप होतं आणि शिंपीणबाईंची कापड कापायची मोठी कात्री. मूठ जाड असली की जोर कमी लागतो, हे इथेच शिकून त्यांनी कात्रीच्या दोन्ही कड्यांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. आठवडाभर त्या कात्रीने त्यांनी दुकानातलं सगळं काम बेतलं होतं.

“ताई, आता तुम्हीच सांगा हिला,” मुलगा पुढे आला. “कात्रीला पट्टी बांधलीये म्हणून गिऱ्हाइकं हसतात. सोमवारपासून मी कापायला कारागीर ठेवतोय.”

“वाकडं कापलं का मी कुठे?” शिंपीणबाईंनी विचारलं.

“वाकडं नाही गं. पण वेळ किती लागतो!”

“वेळ लागतो. वाकडं नाही.”

मुलाने ताईंकडे पाहिलं. ताईंनी खांदे उडवले. “कसं करायचं ते मी शिकवते. करायचं की नाही, ते ज्याचे हात त्याने ठरवायचं.”

मुलाने टेबलावरची कात्री उचलली आणि पिशवीत टाकली. “ही आता माझ्याकडेच राहील. पुरे झालं, आई. आता तरी हात टेक.”

बरणीवालीने उगाचच आपली बरणी जवळ ओढली.

शिंपीणबाईंनी खुर्चीच्या हातांवर तळवे ठेवले. बोटं मोकळी सोडली. पुढे झुकल्या. एक गुडघा वाजला, पाठोपाठ दुसरा.

“डबल बेल!” कंडक्टर म्हणाला. “जाऊ द्या.”

त्या उठल्या. सरळ झाल्या. दोन पावलं टाकून मुलासमोर आल्या आणि उजवा तळवा त्याच्यापुढे पसरला. त्यावर खुर्चीच्या कडेचा लाल वळ उमटला होता.

“हे बघ, टेकले,” त्या म्हणाल्या. “आता कात्री दे.”