ओट्याची जागा

गल्ली रुंद करायला घरापुढचा ओटा सोडाल का, असं महापालिकेच्या सर्वेच्या फॉर्मात विचारलं होतं. दाना ओली मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत सगळ्यांनी ‘हो’ लिहिलं. श्रीपादराव तेवढे अडून बसले.

“काका, गली मोठी झाली की ॲम्ब्युलन्स तरी आत येईल,” शेजारच्या अभिरामने परोपरीने समजावलं.

“आणि आमच्या राजलक्ष्मीने बसायचं कुठे? दमा आहे तिला, घरात जीव घुसमटतो. संध्याकाळी ओट्यावर बसते, तेवढाच आराम.”

त्यांच्या एका ‘नाही’वर सगळं काम अडलं.

पुढच्याच थंडीत राजलक्ष्मीकाकूंची धाप थांबेना. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. खुर्चीत बसवून तिथवर नेईपर्यंत उशीर झाला होता.

यंदा तोच फॉर्म पुन्हा आला.



“‘हो’ लिही, अभिराम,” श्रीपादराव म्हणाले. “आता तिथे कुणी बसत नाही.”