धक्कास्टार्ट

मिस्त्रीने किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. थोरल्याच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. धाकट्याने मात्र तोंड फिरवलं.

गाडी वडिलांची. वयाने दोन्ही भावांपेक्षा जराच लहान. वडील गेले तेव्हा घरात मधोमध भिंत घालून वाटणी झाली. कपाटं वाटली, खुर्च्या वाटल्या, जिन्याखालची शिडीसुद्धा एकाच्या वाट्याला गेली. गाडीत भिंत घालता येत नव्हती, म्हणून ती सामाईक राहिली. त्याच सुमारास भावांचं बोलणं बंद झालं. कशावरून, असं कुणी विचारलं असतं तर दोघांनीही आधी घसा खाकरला असता.

गाडीचा स्टार्टर गेला तोही त्याच वर्षी. इंजिन आठवड्यातून एकदा तरी फिरलंच पाहिजे, असा वडिलांचा दंडक होता. त्यामुळे दर रविवारी सकाळी एक भाऊ स्टिअरिंगवर बसायचा, दुसरा मागून ढकलायचा. पुढच्या रविवारी अदलाबदल. "ढकल." "सोड क्लच." "बस आता." आठवड्याचं बोलणं एवढंच. मग ढकलणारा धापा टाकत शेजारी येऊन बसायचा आणि दोघे नाकासमोर बघत तळ्याला वळसा घालून परत यायचे. नऊ वर्षांत हा नेम चुकला नव्हता. एकदा धाकट्याला सणसणून ताप भरला होता. त्याने तापातच ढकलली.

"संपले तुमचे हाल," पुतणी म्हणाली. स्टार्टर दुरुस्त करण्याचा खटाटोप तिचाच. इतक्या जुन्या गाडीचे सुटे भाग मिळवायला तिने चार महिने घालवले होते. "काका, एक रविवार बाबांचा, एक तुमचा. ज्याने त्याने एकट्याने निवांत फिरून यावं. एकमेकांचं तोंड बघायला नको." तिने तसं वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवलंही. पोरगी गुणी, तिला काय बोलणार?

धाकटा चार दिवस नीट जेवला नाही. सरळ जाऊन "दादा, मलाही ने" असं म्हणता आलं असतं. तोंडाला कुणी कुलूप घातलं नव्हतं. पण अबोला असा एका वाक्यात मोडायचा, तर मग नऊ वर्षं धरला कशाला, हा प्रश्न उरलाच असता. शनिवारी दुपारी सगळं घर वामकुक्षी घेत असताना त्याने बॉनेट उघडलं, स्टार्टरकडे जाणारी बारीक वायर उपटली आणि चोरपावलांनी खोलीत येऊन झोपेचं सोंग घेतलं.

पहिला रविवार थोरल्याचा होता. त्याने किल्ली फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. कपाळाला आठ्या घातल्या. धाकटा कुंपणाशी उभा राहून झाडाची पानं निरखत होता. आता हाक मारेल, मग मारेल, असं त्याला वाटत होतं. तेवढ्यात पुतणीने फोन लावला आणि मिस्त्री अर्ध्या तासात हजर झाला. एरवी ही जमात आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही.

"वायर निघालीय," मिस्त्री म्हणाला. त्याने ती जोडली, किल्ली फिरवली. टक्. नुसताच आवाज, पुढे काही नाही. त्याने डोकं खाजवलं, पोतं अंथरलं आणि तो गाडीखाली शिरला. बाहेर आला तो चक्रावलेला.

"ताई, खालची जाड वायरसुद्धा सुटलीय. नट काढून कुणीतरी नीट कडेला ठेवलाय. वरची एकवेळ हात लागूनही निघेल, पण ही काढायची तर माणसाला गाडीखाली आडवं व्हावं लागतं."

धाकटा चमकला. त्याने तर फक्त वरचीच काढली होती. त्याने थोरल्याकडे पाहिलं. अडुसष्ट वर्षांचा थोरला गाडीच्या आरशात मोठ्या एकाग्रतेने स्वतःच्या मिशा बघत होता.

"पाच मिनिटांचं काम आहे," मिस्त्रीने पाना उचलला. "लावून टाकू?"

"राहू द्या," दोघे भाऊ एकदम म्हणाले.