चिमटाबाईंचा थाळा

"अंजिरांना हात लावायचा नाही!" चिमटाबाई म्हणाल्या.

नवऱ्याने हात मागे घेतला. "अगं, मी फक्त सरळ करत होतो."

"सरळ नकोच आहे ते. कललंय म्हणून तर छान दिसतंय."

जाहिरातींच्या फोटोंसाठी पदार्थ सजवण्यात चिमटाबाईंची उभी हयात गेली होती. पावावरचा तीळन् तीळ त्या चिमट्याने बसवायच्या, म्हणून स्टुडिओतल्या टवाळांनी हे नाव ठेवलं आणि ते घरापर्यंत आलं. पण त्यांनी सजवलेलं आजवर कुणी खाल्लं नव्हतं. ते खाण्यासारखं नसायचंच. मधाच्या जागी इंजिनाचं तेल आणि क्रीमच्या जागी दाढीचा फेस. नवऱ्याने एकदा तो फेस बोटाने चाटून पाहिला होता आणि त्यावर घर अजून हसत होतं.

आज मात्र सगळं खरं होतं. लेकीने ज्याला पसंत केलं होतं त्याचे आईवडील पहिल्यांदाच ब्रंचला येणार होते. त्यांनी लग्नाला अजून होकार दिला नव्हता. जाहिरातवाल्यांच्या घरात सगळा देखावाच असणार, असं मुलाच्या आईचं म्हणणं होतं. लेकीने ते सांगून टाकलं होतं आणि चिमटाबाईंना ते फार लागलं होतं. आज थाळा नुसता छान दिसून भागणार नव्हतं. तो खाऊन संपायला हवा होता.

लाकडी थाळ्यात त्यांनी आधी वाट्या मांडल्या, जॅमची, लोण्याची आणि ऑलिव्हची. मग चीजचे जाड तुकडे. त्यांच्याभोवती भाजलेल्या पावाच्या चकत्या एकमेकींवर रेलून. उकडलेली अंडी अर्धी कापून, पिवळं वर करून. उरलेल्या फटींत द्राक्षं आणि अक्रोड. मधाची वाटी सापडेना, कारण या घरात येऊन आठवडाच झाला होता आणि निम्मी भांडी अजून खोक्यांतच होती. शेवटी मध चहाच्या कपात आला.

"लग्नाचा विषय आपण काढायचा नाही," नवऱ्याने लेकीची ताकीद पुन्हा ऐकवली. "तेच काढतील. आणि तू त्यांना निरखत बसू नकोस."

"निरखू नको तर काय करू? फोटोत नुसत्या टोप्या आणि काळे चष्मे दिसतात."

तेवढ्यात बेल वाजली, ठरल्या वेळेच्या जरा आधीच. मुलाच्या आईवडिलांना लवकर पोचायची खोड आहे, ते कदाचित आमच्याआधीच येतील, असं लेक म्हणालीच होती.

दारात उंच गृहस्थ आणि ठेंगण्या बाई उभ्या होत्या. दोघांचेही चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे.

"जरा बोलायचं होतं," गृहस्थ म्हणाले.

"अहो, आधी आत तर या! सकाळपासून तुमचीच वाट बघतोय," नवरा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला कल्पना आहे?"

"लेकीने सगळं सांगितलंय. बसा ना."

पाहुणे सोफ्याच्या अगदी कडेवर टेकले. चिमटाबाईंनी थाळा समोर आणून ठेवला.

"बाई गं!" पाहुण्या बाई म्हणाल्या. "हे खायचं की नुसतं बघायचं?"

चिमटाबाईंच्या काळजात चर्र झालं.

"हे बघा," गृहस्थांनी घसा खाकरला. "रात्र रात्र झोप नाही आम्हाला. आज स्पष्टच सांगायचं, असं ठरवून आलोय."

नकारच आहे, चिमटाबाईंना वाटलं. मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतःच रचलेल्या थाळ्यात हात घातला. पावांची ओळ कोसळली, द्राक्षं घरंगळली. त्यांनी एका पावावर चीज फासलं, अंजीर कुस्करलं, वर मध ओतला आणि तो पाहुण्या बाईंच्या हातात कोंबला.

"आधी हे खा. मग काय सुनावायचं ते सुनावा, मी ऐकून घेईन."

पाहुण्या बाईंनी घास घेतला, चावला आणि डोळे मिटले. "अहो, तुम्ही पण घ्या हो," त्या आपल्या नवऱ्याला म्हणाल्या.

मग काय विचारता! गृहस्थ पुढे सरकले, बाह्या वर गेल्या. अंडी गेली, ऑलिव्ह गेले. दाढीच्या फेसाची गोष्ट निघाली आणि गृहस्थांना हसताना ठसकाच लागला. मिशीला मध लागला तरी त्यांना पत्ता नव्हता. पोरांसाठी थोडं ठेवावं, असं चिमटाबाईंच्या मनात येऊन गेलं, पण खाणाऱ्याचा हात धरायचा कसा? जॅमची वाटी पावाने पुसली गेली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले. त्यांचं काम पहिल्यांदाच कुणाच्या तरी पोटात गेलं होतं.

"निघतो आता," गृहस्थ उठले.

"पोरांना भेटून जा ना," नवरा म्हणाला.

"आता काय, भेटी होतच राहणार."

"आणि ते… तुम्हाला बोलायचं होतं ते?" चिमटाबाईंनी धीर करून विचारलं.

"येताना डोक्यात राग होता, खोटं कशाला बोलू?" पाहुण्या बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "आता काही नाही. अशी माणसं मिळायला नशीब लागतं."

चिमटाबाईंनी त्यांना मिठीच मारली. मागे नवऱ्याने हळूच एक गिरकी घेतली. सगळे हसत बाहेर आले आणि त्याने लगबगीने लिफ्टचं बटण दाबलं.

"लिफ्ट कशाला?" पाहुण्या बाई जिन्याकडे वळल्या. "एक मजला तर उतरायचं. तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून गळतंय, त्याचं तेवढं सवडीने बघा. घाई नाही."

लिफ्टचं दार उघडलं. लेक बाहेर आली, तिच्यामागून तो आणि त्याच्यामागून त्याचे आईवडील.

"आई, वाढ पटकन!" लेक म्हणाली. "तुझा थाळा खायचा म्हणून या दोघांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही."