तारेपलीकडचं हिरवं

निकानोरने पहिला घाव घातला तेव्हा वळूने मानसुद्धा वर केली नाही. तो खातच राहिला. दुसऱ्या घावाला मागच्या दुसऱ्या पायाचीही धोंडशीर, टाचेवरची जाड शीर, तुटली आणि त्याचं मागचं धड खाली बसलं. मग तो ओरडला. ओढ्यापलीकडची कुत्री एकदम गप्प झाली.

ओलांचोच्या मुलखात एप्रिलमध्ये टेकड्यांवर नुसती माती आणि वणव्याची राख उरते. सबंध खोऱ्यात तेव्हा हिरवा असा एकच तुकडा होता. निकानोर आणि त्याची बायको फिदेलिना यांनी गेल्या पावसात लावलेलं नवं गवत. रुंद पानांचं, खोल मुळांचं. शेजारच्या अबुंदिओचा वळू तार तोडून त्यात शिरायचा. सांगून झालं होतं, भांडूनही झालं होतं.

फिदेलिना दुधाची बादली टाकून धावत आली. कोयत्यावरचं रक्त बघून जागीच थांबली.

"अहो, हाकलायचा होता! तोडायचा नव्हता!"

"हाकलतोच आहे ना रोज," निकानोर म्हणाला. "किती हाकलू?"

तेवढ्यात अबुंदिओ तारेखालून वाकून आत आला. कमरेला पिस्तूल, हातात कोयता. त्याच्या धाकट्या मुलीचा धर्मपिता निकानोरच होता. तिचा बाप्तिस्मा झाल्यापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणायचे, नावाने हाक कधीच मारायचे नाहीत.

"निकानोर," अबुंदिओ म्हणाला.

फिदेलिना दोघांच्या मध्ये आली.

"भावजी, आधी ऐकून घ्या..."

"वहिनी, तुम्ही बाजूला व्हा. माझ्या गायींना आता वळू कुठला? हा देणार आहे का आणून?"

"तुझं जनावर तू बांधायचं होतंस," निकानोर म्हणाला.

"बांधून खायला काय घालू? दगड? सगळ्या टेकड्या करपल्यात, आणि तू एकट्याने हे वाढवून ठेवलंस गुरांच्या नाकासमोर. वास येतो त्यांना. रात्रभर हंबरतात."

"या गवताचं बी वाटणारा माणूस तुझ्याही दारात आला होता. हसलास त्याला. म्हणालास, आम्ही गुरं पाळतो, बागा लावत नाही."

"म्हणालो. अजून म्हणतो. बाग करायची, मग बागेला तार, मग तारेपाशी कोयता घेऊन उभं राहायचं. बघ, काय झालंय तुझं ते!"

"भिकारड्या, तुझ्या आळसापायी..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला. अबुंदिओचा कोयता खाली आला. निकानोरने डावा हात आडवा धरला आणि दोन बोटं गवतात पडली. त्याला ते कळलंच नाही. त्याने उलटा वार केला, तो अबुंदिओच्या मांडीला चाटून गेला. मग दोघं एकमेकांवर कोयते चालवू लागले. ऐकू येत होता तो नुसता श्वास आणि लोखंडावर लोखंड. निकानोरचा पाय रक्ताळलेल्या गवतावरून घसरला. तो पाठीवर पडला. अबुंदिओने दोन्ही हातांनी कोयता उचलला.

फिदेलिनाने कुंपणाचा उखडलेला खांब त्याच्या कानामागे हाणला.

तो वळूच्या शेजारीच कोसळला. कोयता हातातून सुटला. फिदेलिनाने पुन्हा खांब उचलला, पण मारला नाही. अबुंदिओ तिच्याकडे बघतच नव्हता. त्याचा चेहरा वळूच्या तोंडापासून हातभर लांब होता.

वळू खात होता. मागचे पाय मेलेले, खाली रक्ताचं थारोळं, आणि तो मान लांबवून, जिथवर जीभ पोचेल तिथवरचं गवत ओढत होता. त्याच्याभोवती अर्धगोलात जमीन साफ झाली होती. आता तो पुढच्या गुडघ्यांवर जोर देऊन, मागचं धड फरफटत, वीतभर पुढे सरकला आणि पुन्हा खाऊ लागला.

अबुंदिओ बराच वेळ ते बघत राहिला. मग उठून बसला आणि त्याने पिस्तूल काढलं.

"भावजी, नको!" फिदेलिना नवऱ्याच्या अंगावर आडवी झाली.

त्याने नळी वळूच्या कपाळाला लावली. डाव्या हाताने त्याच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलल्या आणि चाप ओढला.

आवाज टेकड्यांवरून फिरून परत आला. अबुंदिओने वळूचा जबडा उघडला, आतला हिरवा घास बोटांनी बाहेर काढला, नाकाशी धरला. त्यातली एक काडी स्वतःच्या दातांखाली धरून चावली. रस आहे का ते बघत असावा.

मग त्याने अंगातला शर्ट काढून जमिनीवर पसरला. कोयता उचलला. निकानोर कोपरावर उठू बघत होता, पण फिदेलिनाने त्याला दाबून धरलं. अबुंदिओ गुडघ्यांवर बसला आणि गवताच्या बुंध्याशी कोयत्याचं टोक खुपसून एक ठोंब मुळासकट उपसला. मग दुसरा. परवानगी विचारली नाही. मुळांची माती झटकून तो ते शर्टावर रचत गेला. कानामागून ओघळणारं रक्त उघड्या पाठीवरून खाली येत होतं. शर्ट भरला तेव्हा त्याने बाह्यांची गाठ मारली, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि लंगडत तारेकडे निघाला.

"चोर!" निकानोर ओरडला. "खुनी चोर!"

फिदेलिनाने परकराचा काठ टराटरा फाडला आणि नवऱ्याच्या हाताभोवती आवळला. कापड लगेच लाल झालं. तिने आणखी एक पट्टी फाडली. अबुंदिओ तारेखालून वाकत होता. तिने मान वर केली.

"भावजी!" ती मोठ्याने म्हणाली. "पाऊस लागेपर्यंत लावू नका. सावलीत ठेवा, मुळांवर ओलं पोतं टाका."